नेत्राग्रभागमापन

डोळ्याच्या पुढील भागातील स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पटल), परितारिका (बुबुळाचा रंगीत पडदा), बाहुली, नेत्रभिंग आणि स्वच्छमंडल व परितारिका यांच्यामधील द्रवयुक्त पोकळी म्हणजे अग्रकोटर, यांची वक्रता, जाडी, व्यास व परस्परांतील अंतरे मोजण्याच्या तंत्राला नेत्राग्रभागमापन म्हणतात. हे मापन आता बहुतांशी प्रतिमांच्या साहाय्याने केले जाते. उपकरण डोळ्याची एक वा अनेक चित्रे घेते व संगणक त्या चित्रांवरून मापे काढतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविणे, केरॅटोकोनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शंक्वाकार स्वच्छमंडलाचे निदान करणे, लेसर किरणांनी चष्म्याचा क्रमांक घालविण्यास डोळा योग्य आहे की नाही ते तपासणे आणि काचबिंदूचा एक प्रकार संभवतो का ते पाहणे, हे या मापनाचे प्रमुख उपयोग होत.

या कामासाठी भिन्न तत्त्वांवर चालणारी अनेक उपकरणे प्रचारात आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येक उपकरण डायॉप्टर, मिलिमीटर वा मायक्रॉन (१ मायक्रॉन = १/१,००० मिमी.) या परिचित एककांतच उत्तर देते. त्यामुळे एका उपकरणाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशेजारी ठेवून ताडून पाहता येईल, असा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे करता येत नाही. एकाच डोळ्याची दोन उपकरणांनी दिलेली मापे का वेगळी येतात व त्या फरकाचे परिणाम काय होतात, हे समजून घेणे या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे.

मापनाचे विषय : निरोगी प्रौढ डोळ्याच्या स्वच्छमंडलाचा व्यास साधारणपणे ११.५ ते १२ मिमी., मध्यभागी पुढील पृष्ठाची वक्रता-त्रिज्या सु. ७.८ मिमी., मागील पृष्ठाची सु. ६.५ मिमी. आणि मध्यभागातील जाडी सु. ०.५४ मिमी. म्हणजे ५४० मायक्रॉन असते. कडेकडे ही जाडी वाढत जाते. डोळ्याची एकूण प्रकाशीय शक्ती सु. ६० डायॉप्टर असून तिच्यापैकी सु. दोन-तृतीयांश शक्ती एकट्या स्वच्छमंडलाची असते. त्यामुळे त्याच्या आकारातील अल्प बदलही दृष्टीवर मोठा परिणाम करतो. ७.८ मिमी. त्रिज्या मोजताना ०.१ मिमी.ची चूक झाली, तर शक्तीच्या मापात अर्ध्या डायॉप्टरहून थोडा अधिक फरक पडतो. अग्रकोटराची खोली सामान्यतः ३ मिमी.च्या आसपास असते. ती फार कमी असल्यास परितारिका व स्वच्छमंडल यांमधील कोन अरुंद होतो, डोळ्यातील जलीय द्रवाचा निचरा अडतो व बंद कोनाचा काचबिंदू उद्‌भवू शकतो [→ काचबिंदू].

इतिहास : स्वच्छमंडल हे बहिर्गोल आरशासारखे काम करते व त्यात समोरच्या वस्तूची लहान, सुलटी प्रतिमा दिसते, या साध्या गोष्टीवर प्रारंभीचे सर्व मापन आधारलेले आहे. आरसा जितका अधिक वक्र तितकी प्रतिमा लहान. क्रिस्टोफ शाइनर यांनी १६१९ मध्ये डोळ्यात दिसणाऱ्या खिडकीच्या प्रतिमेची तुलना निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या गोळ्यांतील प्रतिमांशी करून वक्रतेचा अंदाज बांधला. डोळा क्षणभरही पूर्ण स्थिर राहत नसल्याने ही प्रतिमा मोजणे कठीण होते. प्रतिमा दुहेरी करून तिच्या दोन प्रतिकृती एकमेकींना भिडवल्या की डोळा हालला तरी मापन बिघडत नाही, ही युक्ती जेसी रॅम्झडेन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरली. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिला प्रयोगशाळेतील अचूक उपकरणाचे रूप दिले. ल्वी एमील झाव्हाल व यालमार शिअट्झ यांनी १८८१ मध्ये तयार केलेले उपकरण चिकित्सालयात वापरण्याजोगे होते. वक्रतामापक अथवा केरॅटोमीटर या नावाने त्याच्या सुधारित आवृत्त्या अद्यापही वापरात आहेत.

पोर्तुगीज नेत्रवैद्य आंतोन्यू प्लासीडू यांनी १८८० मध्ये एकाआड एक काळी व पांढरी समकेंद्र वर्तुळे असलेली, मध्ये भोक पाडलेली चकती प्रचारात आणली. तिची स्वच्छमंडलातील प्रतिमा भोकातून पाहिली असता वर्तुळे जेथे दाटीने दिसतात तेथे पृष्ठ अधिक वक्र व जेथे विरळ दिसतात तेथे सपाट असते. स्वीडिश शास्त्रज्ञ आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी १८९६ मध्ये अशा प्रतिमांची प्रकाशचित्रे घेऊन त्यांचे गणिती विश्लेषण केले. डोळ्याच्या प्रकाशकीवरील कार्यासाठी त्यांना १९११ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हस्तगणनेस लागणारा प्रचंड वेळ संगणकाने वाचविला. स्टीव्हन क्लाइस यांनी १९८४ मध्ये संगणकीय विश्लेषणाची पद्धत मांडली व पुढे वक्रतेचे रंगीत नकाशे रूढ झाले. त्यांत तांबडा व नारिंगी हे रंग अधिक वक्र, तर निळा रंग सपाट भाग दाखवितो.

ही सर्व साधने फक्त पुढील पृष्ठ पाहत होती. संपूर्ण अग्रभागाचा छेद दिसण्यासाठी दुसरे तत्त्व उपयोगी पडले. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी विमानविद्येच्या आरंभकाळात बलूनमधून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांतील विकृती दूर करण्यासाठी १९०४ च्या सुमारास ते वापरले होते. वस्तूचे प्रतल, भिंगाचे प्रतल व प्रतिमेचे प्रतल ही एकाच रेषेत छेदत असतील, तर तिरपी वस्तूही सर्वत्र सुस्पष्ट उमटते, असे हे तत्त्व आहे. जमिनीच्या सर्वेक्षणासाठी वापरलेले हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्याच्या छेदचित्रणासाठी उपयोगात आले.

उपकरणांचे प्रकार : आज वापरात असलेल्या उपकरणांचे तत्त्वानुसार पाच वर्ग करता येतात.

(१) वक्रतामापक : हाताने चालणारे वा स्वयंचलित वक्रतामापक मध्यभागातील सु. ३ मिमी. व्यासाच्या वर्तुळावरील मोजक्या बिंदूंवरून पुढील पृष्ठाची त्रिज्या काढते. कृत्रिम भिंगासाठी डोळ्याची लांबी मोजणाऱ्या प्रकाशीय उपकरणांतही हे कार्य अंतर्भूत असते. १९९९ मध्ये आलेले आयओएल मास्टर हे अशा उपकरणांपैकी पहिले होय. त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्या सु. २.५ मिमी. व्यासावरील सहा बिंदूंचे मापन करीत, तर लेनस्टार हे उपकरण दोन वर्तुळांवरील ३२ बिंदू वापरते. नियमित आकाराच्या डोळ्यांत ही साधने विश्वसनीय ठरतात. वक्रतेचा उंचवटा मध्यापासून बाजूला असेल, तर तो मात्र त्यांच्या नजरेतून सुटतो.

(२) वलय-प्रतिमा उपकरणे : ही प्लासीडू चकतीची आधुनिक रूपे होत. अनेक वलयांवरील हजारो बिंदूंवरून ती पुढील पृष्ठाचा तपशीलवार नकाशा देतात. प्रतिमा प्रत्यक्षात अश्रूंच्या पातळ थरावरून परावर्तित होत असल्याने तो थर कोरडा वा तुटक असल्यास वलये मोडतात व नकाशात नसलेले दोष दिसतात. मागील पृष्ठ व जाडी यांविषयी ही उपकरणे काहीच सांगू शकत नाहीत.

(३) प्रकाश-छेद उपकरणे : प्रकाशाची अरुंद फट डोळ्यावर टाकून तिरप्या दिशेने छायाचित्र घेतले, की स्वच्छमंडलाची दोन्ही पृष्ठे एका छेदात दिसतात. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या ऑर्बस्कॅन उपकरणात ही फट डोळ्यावरून आडवी सरकविली जाई. २००२ मध्ये आलेल्या जर्मन बनावटीच्या पेंटाकॅममध्ये शाइम्पफ्लुग तत्त्वावरील कॅमेरा डोळ्यासमोर फिरतो. तो सु. दोन सेकंदांत निळ्या प्रकाशातील २५ वा ५० छेदचित्रे घेतो आणि दुसरा कॅमेरा त्या अवधीतील डोळ्याची हालचाल टिपतो. इटालियन सिरिअस उपकरणात अशा एका कॅमेऱ्यास वलयांची जोड दिली आहे, तर स्विस गॅलिलेई उपकरणात दोन कॅमेरे व वलये एकत्र आणली आहेत. या वर्गामुळे मागील पृष्ठ, ठिकठिकाणची जाडी व अग्रकोटराची खोली ही सर्व मापे एकाच वेळी मिळू लागली. तथापि स्वच्छमंडलाच्या अपारदर्शक व्रणांतून आणि कडेच्या श्वेतपटलातून दृश्य प्रकाश नीट पार जात नसल्याने कोनाचा तळ यात प्रत्यक्ष दिसत नाही.

(४) व्यतिकरण-छेदचित्रण : हे तंत्र त्याच्या ओसीटी या संक्षिप्त नावाने सर्वत्र ओळखले जाते. डोळ्यातून परतणारा प्रकाश व आरशावरून परतणारा संदर्भ-प्रकाश यांच्या व्यतिकरणावरून ऊतकांची खोली काढली जाते. १९९१ मध्ये जालपटलासाठी विकसित झालेले हे तंत्र १९९४ मध्ये अग्रभागासाठी वापरले गेले. २००५ च्या सुमारास आलेल्या व्हिसांटे व त्यानंतरच्या कासिया या उपकरणांत १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश असतो. तो श्वेतपटलात कमी विखुरतो व त्यामुळे अग्रकोटराचा कोन दिसू शकतो. हा प्रकाश डोळ्यास जाणवत नसल्याने बाहुली आकुंचित होत नाही व अंधारातील कोनाची स्थिती तपासता येते. व्हिसांटेची खोलीतील विभेदनक्षमता सु. १८, तर कासियाची सु. १० मायक्रॉन आहे. परितारिकेच्या मागील रंगद्रव्याचा थर मात्र हा प्रकाश भेदू शकत नाही.

(५) श्राव्यातीत ध्वनिचित्रण : टोराँटो येथे १९९० च्या सुमारास विकसित झालेल्या सूक्ष्मदर्शी ध्वनिचित्रणात सु. ५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी वापरतात. परितारिकेमागील भाग दिसण्यासाठी हेच साधन उपयोगी पडते. त्यासाठी बधिरता आणणारे थेंब घालून डोळ्यावर द्रवाने भरलेली वाटी ठेवावी लागते. केवळ जाडी मोजणारा साधा ध्वनिमापक अनेक वर्षे प्रमाणभूत मानला जात असे. तो हाताने टेकविला जात असल्यामुळे नेमक्या मध्यबिंदूवर व लंबरूप टेकविणे हे तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

फरकांची कारणे : उपकरणे सुस्थितीत असूनही त्यांची उत्तरे वेगळी येण्याची प्रमुख कारणे चार आहेत.

पहिले कारण गृहीत धरलेल्या प्रणमनांकाचे आहे. वक्रतामापक फक्त पुढील पृष्ठाची त्रिज्या मोजते, पण उत्तर संपूर्ण स्वच्छमंडलाच्या शक्तीचे देते. त्यासाठी बहुतेक उपकरणांत १.३३७५ हा संकेतमान्य प्रणमनांक घेतात. या आकड्याने ७.५ मिमी. त्रिज्येस नेमके ४५ डायॉप्टर मिळतात, ही त्याची एक सोय होय. स्वच्छमंडलाचा खरा प्रणमनांक सु. १.३७६ व त्यामागील जलीय द्रवाचा सु. १.३३६ आहे. पुढील पृष्ठाची त्रिज्या ७.८ मिमी. व मागील पृष्ठाची ६.५ मिमी. असलेल्या डोळ्यास वक्रतामापक सु. ४३.३ डायॉप्टर शक्ती दाखवील. दोन्ही पृष्ठे वेगळी हिशेबात घेतल्यास पुढील पृष्ठाची सु. ४८.२ व मागील पृष्ठाची सु. उणे ६.२ अशी शक्ती येऊन बेरीज ४२ च्या आसपास भरते. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत. कृत्रिम भिंगाची रूढ सूत्रे मात्र पहिल्या प्रकारच्या आकड्यासाठी बांधलेली असल्याने त्यांत दुसरा आकडा भरल्यास भिंग चुकते. लेसर शस्त्रक्रियेने निकटदृष्टिता दूर केलेल्या डोळ्यांत पुढील पृष्ठ सपाट होते, परंतु मागील पृष्ठ तसेच राहते. दोहोंचे नेहमीचे प्रमाण मोडल्याने वक्रतामापक शक्ती प्रमाणाबाहेर जास्त दाखविते व त्यावरून निवडलेले भिंग दुबळे ठरून रुग्णास दूरदृष्टिता येते.

दुसरे कारण मापनक्षेत्राचे होय. स्वच्छमंडल पूर्ण गोल नसून कडेकडे सपाट होत जाते. साहजिकच २.५ मिमी. वर्तुळावरील सरासरी व ३ मिमी. वर्तुळावरील सरासरी एकच नसते. नकाशावरील सर्वाधिक वक्रतेच्या एका बिंदूचे मूल्य तर या दोन्हींपेक्षा वेगळे असून त्याची सरासरीशी तुलना करणे निरर्थक आहे.

तिसरे कारण सीमारेषांच्या व्याख्येचे आहे. अग्रकोटराची खोली स्वच्छमंडलाच्या बाह्य पृष्ठापासून मोजली, तर तीत त्याची अर्धा मिमी. जाडी मिसळते. आतील पृष्ठापासून मोजली, तर ती वगळली जाते. भिंगशक्तीची काही सूत्रे बाहेरून मोजलेली खोली अपेक्षितात, याउलट कोनाच्या अभ्यासात बहुधा आतून मोजलेली घेतात. अहवालावर दोन्हींस एकच नाव दिलेले असू शकते.

चौथे कारण पुनर्रचनेच्या गणिताचे आहे. मागील पृष्ठ व नेत्रभिंग ही स्वच्छमंडलातून पाहिली जातात, म्हणून त्यांच्या प्रतिमा प्रणमनाने विकृत होतात. ही विकृती दूर करण्याची सूत्रे प्रत्येक निर्मात्याची वेगळी असतात. ऑर्बस्कॅनची जाडीची मापे ध्वनिमापकाच्या तुलनेने जास्त येत असल्याने त्यांना ०.९२ ने गुणण्याचा प्रघात होता. दुरुस्तीचा गुणक लावावा लागणे हेच दोन पद्धतींमधील पद्धतशीर फरकाचे द्योतक होय.

तुलनेची पद्धत : उपकरणांची तुलना करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. त्याच उपकरणाने तोच डोळा लागोपाठ मोजल्यास उत्तर किती बदलते, हा पुनरावर्तनीयतेचा प्रश्न होय. दोन उपकरणांची उत्तरे एकमेकांच्या जागी वापरता येतील का, हा सहमतीचा प्रश्न होय. पूर्वी दुसऱ्या प्रश्नासाठी सहसंबंध गुणांक काढीत. तो फसवा आहे. समजा, एक उपकरण प्रत्येक डोळ्याची जाडी दुसऱ्यापेक्षा नेमकी २० मायक्रॉन जास्त दाखविते. येथे सहसंबंध गुणांक १ म्हणजे परिपूर्ण येईल, तरीही सहमती मुळीच नसेल. जॉन मार्टिन ब्लँड व डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक डोळ्याच्या दोन मापांतील फरक काढून त्या फरकांची सरासरी व तिच्या दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या १.९६ पट अंतरावरील सीमा दाखवितात. सु. ९५ टक्के फरक या सीमांमध्ये असतात. सीमा जवळजवळ असतील व सरासरी फरक स्थिर असेल, तर तो वजा करून काम भागते. सीमाच दूरदूर असतील, तर कोणताही गुणक उपयोगी पडत नाही.

सीमा किती जवळ असाव्यात हे संख्याशास्त्र सांगत नाही. ते उपयोगावरून ठरते. सहा मिमी. व्यासाच्या क्षेत्रावर लेसरने एक डायॉप्टर निकटदृष्टिता दूर करण्यासाठी सु. १२ मायक्रॉन ऊतक काढावे लागते, म्हणजे जाडीतील २० मायक्रॉनांचा फरक दीड डायॉप्टरहून अधिक उपचाराएवढा भरतो. काचबिंदूच्या कोनतपासणीस तेवढ्याच फरकाने बाधा येत नाही. निरोगी डोळ्यांवर दोन उपकरणे जुळली म्हणून रोगट डोळ्यांवरही ती जुळतील, असेही मानता येत नाही. पृष्ठ जितके अनियमित तितका मतभेद वाढतो. ज्या डोळ्यांसाठी मापन सर्वांत निकडीचे, त्याच डोळ्यांत उपकरणांची सहमती सर्वांत कमी असते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण : मापनाच्या साधनावर रोगाची व्याप्ती कशी अवलंबून असते, हे नागपूर जिल्ह्यातील ग्रामीण सर्वेक्षणावरून स्पष्ट होते. मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यास या नावाने ओळखले जाणारे हे काम २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेच्या पुढाकाराने झाले व त्यात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका निबंधात स्वच्छमंडलाची शक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक असणे हा शंक्वाकार विकाराचा निकष धरला असता प्रमाण २.३ टक्के आढळले. निकष ४९ डायॉप्टर केला, तेव्हा ते ०.६ टक्के व ५० डायॉप्टर केला, तेव्हा ०.१ टक्का झाले. म्हणजे निकष फक्त दोन डायॉप्टरांनी बदलताच रोग्यांची संख्या वीस पटींहून अधिक घटली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील १९८६ च्या प्रसिद्ध अभ्यासात हे प्रमाण लाखात ५४.५, तर नेदरलँड्समध्ये विम्याच्या नोंदींवरून २०१७ मध्ये लाखात २६५ असे काढण्यात आले होते.

या आकड्यांवरून विदर्भातील खेड्यांत हा विकार मिनेसोटाच्या चाळीस पट आहे, असा थेट निष्कर्ष काढणे योग्य नाही. मिनेसोटातील निदान वैद्यकांच्या नोंदींवरून, नेदरलँड्समधील विमा-नोंदींवरून व नागपूरचे वक्रतामापनाच्या एका आकड्यावरून झाले होते. लहान डोळ्याचे स्वच्छमंडल निसर्गतःच अधिक वक्र असते, म्हणून केवळ वक्रतेचा निकष काही निरोगी डोळ्यांनाही रोगी ठरवू शकतो. उलट मध्यापासून ढळलेला आरंभीचा शंकू त्याच निकषातून सुटू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ञांच्या मतैक्यानुसार सौम्य विकाराच्या निदानासाठी मागील पृष्ठावरील अस्वाभाविक उंचवटा आवश्यक मानला आहे व तो दाखविणे प्रकाश-छेद वा ओसीटी उपकरणांनाच शक्य आहे. नागपूरच्या अभ्यासाचे महत्त्व यामुळे उणावत नाही. निकष बदलून मिळणारी तिन्ही प्रमाणे त्यात दिलेली असल्यानेच वाचकास त्यांचा योग्य अर्थ लावता येतो. त्याच अभ्यासात स्वच्छमंडलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आढळली. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील ५४० मायक्रॉनांच्या मानाने ती कमी आहे. तेव्हा परदेशी निरोगी डोळ्यांवरून उपकरणात भरलेल्या संदर्भसंग्रहाशी भारतीय डोळ्याची तुलना करतानाही तारतम्य ठेवावे लागते.

व्यवहारातील महत्त्व : शंक्वाकार विकार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो व तिशी-पस्तिशीपर्यंत वाढू शकतो. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आहे. रिबोफ्लाविन (ब२ जीवनसत्त्व) व जंबुपार किरण यांच्या साहाय्याने स्वच्छमंडलातील तंतूंचे बंध दृढ करण्याचा उपचार जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे विकसित झाला व त्याचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा उपचार गेलेली दृष्टी सहसा परत आणत नाही, तो विकाराची वाढ थांबवितो. त्यामुळे तो वाढ सिद्ध झाल्यावर व वेळेवर करणे इष्ट असते. वर्षभरात सर्वाधिक वक्रता एक डायॉप्टर वा अधिक वाढणे हा वाढीचा एक प्रचलित निकष आहे आणि मूळ पद्धतीत उपचारासाठी किमान ४०० मायक्रॉन जाडी आवश्यक असते. दोन्ही निर्णय मापांवर अवलंबून आहेत व दोन उपकरणांमधील फरक अशा डोळ्यांत याच श्रेणीचा असू शकतो.

ठाणे जिल्ह्यातील कल्याण–कर्जत लोहमार्गावर लागोपाठ वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे या संदर्भात उदाहरणादाखल घेता येतील. अशा उपनगरी पट्ट्यातील रुग्णाची पहिली तपासणी घराजवळच्या चिकित्सालयात होते आणि पुढील सल्ल्यासाठी तो कल्याण, ठाणे किंवा मुंबईस जातो. समजा, बदलापूरच्या एका विद्यार्थ्याची सर्वाधिक वक्रता वलय-प्रतिमा उपकरणावर ४७.० डायॉप्टर आली व आठ महिन्यांनी मुंबईतील शाइम्पफ्लुग उपकरणावर ४८.२ आली. विकार वाढला, की केवळ उपकरण बदलले, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. वाढ मानून अनावश्यक उपचार होण्याचा जसा धोका आहे, तसाच ‘उपकरणाचा फरक’ म्हणून खऱ्या वाढीकडे दुर्लक्ष होण्याचाही आहे. निश्चिती करण्यासाठी त्याच उपकरणावर काही महिन्यांनी पुन्हा मापन करावे लागते. मधल्या काळात विकार पुढे सरकला, तर त्याची भरपाई होत नाही.

अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत, त्याचप्रमाणे या पट्ट्यात धातुकामाचे व्यवसायही चालतात. क्षार वा अम्ल उडून अथवा धातूचा कण रुतून स्वच्छमंडलावर व्रण राहिल्यास पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अशा डोळ्याचे मापन ही वेगळी समस्या ठरते. व्रणावर वलये तुटतात व दृश्य प्रकाशाचा छेद विखुरतो, म्हणून अवरक्त प्रकाशाचे ओसीटी वा ध्वनिचित्रण यांचा आधार घ्यावा लागतो. अशा डोळ्यांत एकापेक्षा अधिक उपकरणे वापरणे हितावह असते. तेथे हेतू आकडे परस्परांच्या जागी वापरण्याचा नसून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याचा असतो.

मापन विश्वसनीय व्हावे यासाठी काही पथ्ये पाळली जातात. स्पर्शभिंगे स्वच्छमंडलाचा आकार तात्पुरता बदलतात, म्हणून तपासणीपूर्वी मऊ भिंगे काही दिवस व कठीण भिंगे त्याहून अधिक काळ, बहुधा काही आठवडे, वापरू नयेत असे सांगतात. दाब मोजण्यासारखी स्पर्श करणारी तपासणी व बधिरतेचे थेंब प्रतिमा घेतल्यानंतरच योजतात. लागोपाठ किमान दोन-तीन प्रतिमा घेऊन त्या जुळतात का ते पाहतात व उपकरणाने दर्शविलेली प्रतिमेची गुणवत्ता तपासतात. अहवालावर उपकरणाचे नाव, मापनाची तारीख व माप कोणत्या प्रकारचे आहे याची नोंद असणे आवश्यक आहे. रुग्णाने केवळ आकडे उतरवून न घेता नकाशांसह संपूर्ण अहवाल जतन करणे आणि पाठपुराव्याच्या तपासण्या शक्यतो एकाच उपकरणावर करून घेणे इष्ट होय.

आधुनिक प्रवृत्ती : स्वच्छमंडलाच्या उपकरणांची चाचणी ज्ञात आकाराच्या नमुनापृष्ठांवर कशी करावी, यासंबंधी आयएसओ १९९८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. काचेच्या नमुन्यावर अचूक ठरलेली दोन उपकरणे अश्रूंनी ओल्या व हालत्या डोळ्यावर मात्र वेगवेगळी वागू शकतात. आकाराबरोबरच स्वच्छमंडलाची लवचिकता पाहण्यासाठी हवेचा झोत सोडून सेकंदाला चार हजारांहून अधिक शाइम्पफ्लुग चित्रे घेणारे कॉर्व्हिस हे उपकरण निघाले आहे. दुसऱ्या टोकास स्वस्त साधनांचे प्रयत्न आहेत. बंगळुरू येथे २०२१ मध्ये भ्रमणध्वनीस वलयांचे लहान उपांग जोडून शंक्वाकार विकाराची चाळणी-तपासणी करण्याची स्मार्टकेसी ही पद्धत मांडण्यात आली. प्लासीडूच्या १८८० मधील चकतीचेच हे नवे रूप होय. अशी साधने लहान गावांपर्यंत पोचल्यास संशयित रुग्ण लवकर ओळखता येतील. तथापि चाळणी-तपासणीचा आकडा हा पुढील तपासणीस पाठविण्यापुरता असतो. वाढ ठरविण्यासाठी किंवा भिंग निवडण्यासाठी त्याचा उपयोग करावयाचा नसतो. नेत्राग्रभागाचे कोणतेही माप कोणत्या उपकरणाने, कोणत्या क्षेत्रावर व कोणत्या व्याख्येने घेतले यांच्यासह नोंदले गेले, तरच ते पुढील वर्षीच्या मापाशी ताडण्याजोगे राहते.